वरचा बोल्ट आधी

वरचा बोल्ट आधी उघडायचा असतो, हे मला खालचा उघडल्यावर कळलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेअकरा. शकुताईच्या अंगणात तिच्या पिकअपखाली पोतं अंथरून मी उताणा पडलो होतो. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढला होता आणि जुन्या तेलाची काळपट लाल धार बादलीत पडत होती. ती धार बघत मी चक्क गाणं गुणगुणत होतो. एकोणीस वर्षं ज्या गिअरबॉक्सचा छेद फळ्यावर काढत आलो, त्याला आज पहिल्यांदा हात लावला होता.

धार थांबली. खालचा बोल्ट मी परत आवळला. बादलीवर मापाच्या रेघा होत्या, चार लिटर निघालं होतं. आता तेवढंच नवं तेल भरायचं. या गिअरबॉक्सला इंजिनासारखं वरून ओतायला झाकण नसतं. बाजूला वरच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी दुसरा एक बोल्ट असतो. तो काढायचा आणि तिथून तेल आत सोडायचं. बोल्टच्या डोक्यात षटकोनी खाच होती. मी तिच्यात तशीच षटकोनी ॲलन की घातली आणि जोर लावला. बोल्ट हलला नाही. मग कीला पाइप अडकवून जोर लावला. "कट्" असा आवाज आला, ॲलन की फिरली, आणि मी म्हणालो, "निघाला!"

बोल्ट जागचा हलला नव्हता. खाचेच्या कडा गेल्या होत्या. की आता तिच्यात गोल गोल फिरत होती, भांड्यातल्या चमच्यासारखी.

"झालं का रे?" ओसरीवरून ताईने विचारलं.

"होतंय!" मी म्हणालो.

मी दिगंबर डोईफोडे. त्या वेळी जालन्यात एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचा अधिव्याख्याता होतो. माझ्या हाताखालून शिकून गेलेली मुलं आज कुठे कुठे गॅरेजं चालवतात. माझी स्वतःची गाडी मात्र मी पंक्चर काढायलासुद्धा दुसऱ्याकडे द्यायचो. हे कुणाला माहीत नव्हतं, असा माझा समज होता.

शकुताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय कायमचा बारीक राहिला. त्याला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, चालताना त्याचा खट् खट् आवाज. शाळा दोन मैलांवर, पुढे कॉलेजही तिकडेच. मी दहा वर्षांचा झालो तेव्हापासून तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत होतो. पुढे स्कूटर आली, मग छोटी कार आली, पण बसणारी आणि चालवणारा तेच राहिले. तिला बियाण्याच्या कंपनीत टायपिंगची नोकरी लागली तेव्हा मुलाखतीला मीच नेलं होतं. जे लग्न जमलं नाही, ते स्थळ बघायला जातानाही गाडी मीच चालवली होती. कांद्याच्या बियाण्याला मधमाशा किती लागतात, हे तिने त्याच ऑफिसात ऐकलं आणि चाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडून दहा पेट्या घेतल्या. कांद्याच्या शेतात पेट्या ठेवायच्या, फुलोरा संपला की उचलून दुसरीकडे न्यायच्या. टेम्पोमागे माझी कार, कारमध्ये ताई. दर रविवारी.

मग एकदा ती आमच्याकडे जेवायला आली होती. मी नेहमीप्रमाणे ताटावर बसल्या बसल्या व्याख्यान देत होतो. माझी बायको अलका भाकरी करत होती. ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच ऐकायची थांबली होती. ताई वरणात भाकरी कुस्करत होती.

"ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं," मी म्हणत होतो. "उजव्या पायाने ब्रेक, उजव्या पायाने ॲक्सिलरेटर. डावा पाय नुसता ठेवायचा."

ताईचा हात थांबला. "डावा पाय लागतच नाही?"

"अजिबात नाही."

तिने पुढचा अर्धा तास मला प्रश्न विचारले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं व्याख्यान पुन्हा सांगायला लावलं. मी खुलून खुलून सांगितलं. चार महिन्यांनी तिने एका कंत्राटदाराची जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. पुढे माणसांना दोन रांगा, मागे मोठा उघडा हौदा. मी शंभर कारणं सांगितली. रस्ते कसे आहेत, ट्रकवाले कसे आहेत, तुझं वय काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गाडी शिकली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

त्यानंतर रविवारचे फोन बंद झाले. आपण सुटलो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

म्हणूनच त्या आठवड्यात फोनवर ती सहज म्हणाली, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी जरा झटका देते रे, हारूनला दाखवते," तेव्हा मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"हारूनला कशाला? गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालंय. मी येतो रविवारी."

"तुला येतं?"

"ताई, मी एकोणीस वर्षं हेच शिकवतोय."

तर असा मी त्या रविवारी पिकअपखाली होतो. आणखी अर्धा तास खटपट केली. पाना लावला, छिन्नी लावली, हातोडी मारली. बोल्ट चकचकीत झाला. बस, तेवढंच झालं.

तेवढ्यात ओसरीवर ताईचा फोन वाजला. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हां, सोनाजीभाऊ... उद्या सकाळी? किती वाजता?... सातला म्हणजे माशा बाहेर पडायच्या वेळेलाच की. आधी नाही का सांगायचं त्यांनी?... नाही हो, तुमचा काय दोष. त्यांचे टोमॅटो, त्यांची फवारणी. निदान सांगितलं तरी... येते मी. ऊन उतरलं, माशा घरात आल्या की उचलू. चाळीसच्या चाळीस."

खट् खट् करत ती पायऱ्या उतरली. गाडीखालून मला तिचे दोन बूट दिसले.

"दिगू, बाहेर ये. सोनाजी मांट्यांच्या कांद्यात आपल्या पेट्या आहेत ना, त्यांच्या शेजारच्या शेतात उद्या सकाळी विषारी फवारा मारतायत. पेट्या आजच काढायला हव्यात, नाहीतर सगळ्या माशा मरतील. पाचला निघायचंय. तुझं किती वेळात होईल?"

मी सरपटत बाहेर आलो. बोल्ट निघत नाही, मी त्याची खाच घालवली, गाडीत तेल नाही. एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि ऐकलं की मी म्हणतोय, "ताई, गिअरबॉक्स गेलाय."

"गेलाय म्हणजे?"

"आतून जळलाय. हे तेल बघ." मी बादली तिच्यापुढे सरकवली. सत्तर हजार किलोमीटरनंतर ते तेल कुणाच्याही गाडीतून काळपटच निघालं असतं. मग मी टॉर्क कन्व्हर्टर म्हणालो, क्लचच्या चकत्या म्हणालो, प्लॅनेटरी गिअर म्हणालो. मागच्या बाकावरच्या मुलांना गप्प करायला जे शब्द मी वापरतो ते सगळे एकामागून एक काढले.

ताई वाकली. एक बोट तेलात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मध असाच तपासायची ती.

"कधीपासून?"

"सहा-आठ महिने झाले असतील. तो झटका बसायचा ना, तोच."

"म्हणजे माझंच चुकलं असणार. घाटात मी जरा जास्तच रेटते."

नाही गं, तुझं काही चुकलं नाही, एवढंसुद्धा मी म्हणालो नाही.

ती पायरीवर बसली. बोटाचं तेल पायरीच्या दगडाला पुसलं. "तू सांगतच होतास. मीच हट्ट केला. जाऊ दे, विकून टाकू. पुन्हा तुझ्यामागे लागावं लागेल, दुसरं काय."

मी फडक्याला हात पुसत राहिलो. बराच वेळ पुसले.

ताईने दोन टेम्पोवाल्यांना फोन केला. पहिला माशा म्हटल्याबरोबर नको म्हणाला. त्याच्या भाच्याला मागे चावल्या होत्या. दुसऱ्याचा टेम्पो लग्नाची भांडी घेऊन लोणारला गेला होता. मग तिने सोनाजी मांट्यांना फोन लावला. गाडी मोडली आहे, चाळीस-पन्नास पोती भिजवून ठेवा, म्हणाली. संध्याकाळी पेट्यांची तोंडं जाळीने बंद करायची आणि वर ओली पोती टाकायची, उद्या दिवसभर तशाच ठेवायच्या.

"जगतील तशा?" मी विचारलं.

"ऊन वाढलं तर आत गुदमरतात. निम्म्या जगल्या तरी पुष्कळ." ती उठली. "चल, तुझ्या गाडीने सोड मला."

जाळ्या, माशांना शांत करायला धूर सोडायचं धुराडं आणि सुतळ आम्ही माझ्या कारमध्ये ठेवलं. ती डावीकडे बसली. आधी स्वतः, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत. दोन वर्षांत मी तिला तसं बसताना पाहिलं नव्हतं. पाय आत घेतल्यावर तिने त्याच्यावरून साडी सारखी केली आणि समोर बघत राहिली.

मी गाडी काढली. गाव मागे पडलं. कांद्याची शेतं लागली, पांढरे गोंडे नुसते मजेत डुलत होते. एरवी या रस्त्यावर ती बोलायची. कुणाच्या शेतात फूल चांगलं आहे, कुणाच्या विहिरीला पाणी आहे. आज गप्प होती. समोर एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. तिचा उजवा पाय पुढे होता. घट्ट दाबलेला. तिथे कारचा नुसता पत्रा होता.

तिने पाहिलं की मी पाहिलं. पाय मागे घेतला. "सवय लागली," म्हणाली आणि ओशाळून हसली.

ती हसली नसती तर कदाचित मी तसाच पुढे गेलो असतो. मी कार रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय झालं?"

"ताई, गिअरबॉक्स गेलेला नाही."

"मग काय गेलंय?"

"बोल्टची खाच. तेल काढलं, आणि भरायचा बोल्ट निघेना. तो आधी उघडून बघायचा असतो. जोर लावून मीच त्याची वाट लावली."

"आणि ते जळलं बिळलं?"

"काही जळलेलं नाही. गाडी ठणठणीत आहे. तुझं काही चुकलेलं नाही. खोटं बोललो मी."

एक ट्रक शेजारून गेला, कार हलली. ताई माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सव्वादोन."

"गाडी वळव. तुझं काय ते नंतर बघते."

परत अंगणात आल्यावर तिने मला हारून शिकलगारला फोन लावायला लावला. हारून हा तिथला मेकॅनिक. तो नेमका परभणीला लग्नात होता. मागे बँड वाजत होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. दोन घरांपलीकडच्या लोकांनाही कळलं.

"सर, वरचा आधी सैल करून बघितला नव्हता का?"

"नाही."

"वरचा आधी असतो, सर."

"कळलं, हारूनभाई."

"नाही म्हणजे, वरचा नाही निघाला तर—"

"हारूनभाई, कळलं मला."

"त्या बोल्टावर नट वेल्डिंग करून काढतो मी. पंधरा मिनिटांचं काम. पण यायला उद्याची सकाळ होईल."

तोपर्यंत फवारा मारून झाला असता. मी फोन बंद केला. ताई ओसरीच्या कडेला बसली होती. चुलीतला एक कोळसा तिने माझ्यापुढे धरला.

"हे घे. तुझ्या त्या गिअरबॉक्सचं चित्र काढ. सोपं."

"आता चित्र काढून काय—"

"काढ."

मी फरशीवर उकिडवा बसलो आणि एकोणीस वर्षं काढत होतो ते चित्र काढलं. ही टाकी, हा पंप, इथून तेल वर जातं. हाताला इतकी सवय होती की बाणही आपोआप निघाले. ताई बोटाने बाणांवरून जात होती.

"हे बाहेर कुठे चाललंय?"

"तेल तापतं. थंड करायला पुढे कूलरकडे पाठवतात, रेडिएटरपाशी."

"मग?"

"मग परत येतं."

"कुठून?"

मी दुसऱ्या बाणावर कोळसा ठेवला. "इथून. ही परतीची नळी. हिच्यातून थेट..." आणि मी थांबलो.

"आत," ताई म्हणाली.

"आत," मी म्हणालो.

तो परतीचा बाण मी किमान चारशे वेळा काढला असेल. त्यावर परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न विचारायचो. तेल त्या नळीतून आत जातं, हे वाक्य मला पाठ होतं. मग आपणही त्या नळीतून तेल आत घालू शकतो, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

पुन्हा हारूनला फोन केला. यावेळी तो बँडपासून लांब जाऊन बोलला. मी विचारलं, दोन नळ्यांतली परतीची कुठली, आणि तिच्यातून पंपाने तेल ढकललं तर चालेल का.

"सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताईने."

"मग होईल. त्या गाडीला वरची नळी परतीची. हळूहळू ढकला. जेवढं काढलं तेवढंच घाला, थेंब जास्त नाही. उद्या येऊन मी तो बोल्ट काढतो आणि पातळी बघतो."

पंप ताईकडे होता. पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा ती माशांना साखरेचा पाक देते, त्यासाठीचा हातपंप. तिने तो गरम पाण्याने दोनदा धुतला, कोरडा केला, पुन्हा पुसला. मी गाडीच्या पुढच्या बाजूने खाली शिरलो, रेडिएटरजवळचा रबरी जोड सोडवला आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या लोखंडी नळीवर पंपाची नळी चढवली. दोन वेळा ती निसटली. दोन्ही वेळा तेल माझ्या तोंडावर पडलं. शेवटी मी ती दोन्ही मुठींनी आवळून धरली.

"धरलीय. मार."

ताई स्टुलावर बसून पंप मारू लागली. एक, दोन, तीन. नळी मुठीत धडधडायची, तेल पुढे सरकल्याचं हाताला कळायचं. मला वरचं काही दिसत नव्हतं. तिचे बूट दिसत होते, उजवा जमिनीवर रोवलेला, डावा बाजूला पसरलेला, आणि नव्या तेलाच्या डब्याचा तळ.

शंभरेक वेळा पंप मारून झाल्यावर ती म्हणाली, "दिगू."

"हं."

"खरं सांग. मी विकून टाकू म्हणाले, तेव्हा बरं वाटलं तुला?"

माझे दोन्ही हात अडकलेले. निघून जायला जागा नाही, तोंड लपवायला जागा नाही. समोर चार बोटांवर इंजिनाचं पोट.

बरं वाटलं होतं. नुसतं बरं नाही, आनंद झाला होता. ती पायरीवर बसून बोट पुसत होती आणि माझ्या मनात येणारे रविवार उभे राहिले होते. सकाळी फोन वाजणार, अलकाला मी कुरकुरत सांगणार की ताईला न्यायचंय, आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघणार. चाळीस पेट्यांचा विचार मनात आला तो त्यानंतर.

"हो," मी म्हणालो.

पंप थांबला. डावा बूट थोडा हलला. अंगणात कोंबड्या काहीतरी टोचत होत्या, त्यांचा आवाज येत होता. नळी माझ्या मुठीत सैल पडली.

मग पंप पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा हळू.

"तू सायकलवरून न्यायचास मला," ताई म्हणाली. "पावसात न्यायचास, तुला ताप असला तरी न्यायचास. आई सांगायची सगळ्यांना, दिगूसारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. मलाही तसंच वाटायचं. अजूनही वाटतं." दोन वेळा पंप मारला. "पण सहा वर्षं मी त्या रस्त्याने गेले, आणि मला तो रस्ता कधी दिसला नाही. तुझी पाठ दिसायची. तुझा शर्ट कुठे उसवलाय ते आजही सांगेन. पुढे काय आहे ते तू सांगशील तेव्हा कळायचं."

मी खांद्यावर डोळे पुसले. तेल डोळ्यात गेलं होतं, हे खरंच आहे. नळी दोनदा निसटली होती, मघाशी सांगितलं.

"किती झालं बघ," ती म्हणाली.

"डबा तुझ्याकडे आहे."

"हां. झालं. चार."

मी जोड परत बसवला, पट्टी आवळली, ताईने वाकून बघितलं आणि आणखी एकदा आवळायला लावली. पावणेपाच झाले होते. ती गाडीत चढली. पाय ब्रेकवर ठेवून तिने इंजिन चालू केलं. मी खाली बसून गळतं का बघत होतो. तिने गिअरचा दांडा एकेका जागी नेला, प्रत्येक ठिकाणी मनात दहा आकडे मोजले. मग रिव्हर्स टाकून ब्रेक सोडला.

गाडी हलली. निमूटपणे, काही झालंच नाही अशी, मागे सरकली आणि माझ्या पोत्यावरून चाक गेलं.

"काय बघतोस?" ताई खिडकीतून म्हणाली. "बस. डावीकडे."

अठरा किलोमीटर तिने गाडी चालवली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसला नाही. आम्ही दोघांनीही तो बसतो का म्हणून श्वास रोखला होता.

सोनाजी मांटे आणि त्यांचा भाऊ बांधावर भिजवलेल्या पोत्यांचा ढीग घालून वाट बघत होते. ऊन उतरलं होतं. माशा शेवटच्या फेऱ्या संपवून पेट्यांच्या तोंडाशी उतरत होत्या. ताईने एकेका पेटीला धूर दिला, तोंडावर जाळी लावली. आम्ही तिघे उचलत होतो. मला तिने हातमोजे दिले होते. ते तेलकट हातांवर नीट बसेनात म्हणून मी काढून टाकले. त्या दिवशीचा हा माझा दुसरा तांत्रिक निर्णय. मला सात माशा चावल्या, त्यातली एक डोळ्याच्या पापणीवर.

"मॅडम, तुम्ही तर म्हणल्या गाडी मोडली," सोनाजी म्हणाले. "कोणी नीट केली?"

ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्यावरच सोडलं तिने.

"मोडली मी," मी म्हणालो. "नीट ताईने केली."

सोनाजी हसायला लागले. भावाला म्हणाले, "बघ, शिकलेला माणूस कसा असतो. मोठेपणा घेतच नाही."

आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि त्याचंही श्रेय मलाच मिळालं.

चाळीसच्या चाळीस पेट्या दिवेलागणीनंतर ताईच्या मळ्यात उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या टोमॅटोवर फवारा झाला. तेव्हा माशा इकडे शेवग्यावर होत्या. हारूनने वेल्डिंग करून बोल्ट काढला, पातळी बघितली, अर्धा पेला तेल कमी निघालं ते घातलं. ती पिकअप ताईकडे अजून आहे. आता तिच्याकडे दीडशे पेट्या आहेत आणि त्या ती नागपूरपर्यंत संत्र्याला घेऊन जाते.

मी सोमवारी एक डोळा सुजलेला घेऊन वर्गात गेलो. मुलांनी काय झालं विचारलं. मधमाशी चावली म्हणालो. बाकीचं सांगायला मला पुढे तीन वर्षं लागली.

ताईचा त्या आठवड्यात फोन आला नाही. तुझं काय ते नंतर बघते, असं ती म्हणाली होती. मी वाट बघत होतो. सोमवार गेला, मंगळवार गेला. मीच करावा का, असं मनात यायचं, पण काय बोलायचं ते सुचत नव्हतं. शनिवारी दुपारी फोन वाजला.

"डोळा कसा आहे?"

"उघडतोय आता."

"उद्या येतोस का?"

मी ताठ उभा राहिलो. "येतो की. काय काम आहे?"

"काम काही नाही. शेवग्याच्या शेंगांची आमटी करतेय. अलकालाही घेऊन ये."

"पेट्या हलवायच्यात का?"

"नाही."

"गाडीला काही—"

"दिगू," ताई म्हणाली, "काम काही नाही. नुसता ये."

मी फोन ठेवला. अलका स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

"ताईंचा होता ना? काय बिघडलं आता त्यांचं?"

"काही नाही," मी म्हणालो. "उद्या जेवायला बोलावलंय. आपल्याला दोघांना."

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि मग हात पुसत आत निघून गेली. सुजलेल्या डोळ्याला पाणी फार येतं, हे तिला माहीत होतं.